लोहारबाबाची तिसरी गोष्ट

झाली का सगळ्यांची पांघरुणं ओढून? आता कुणी पाणी मागायचं नाही. ऐका.

एक होता लोहार. राजा नव्हे, लोहारच. राजा मागाहून येतो, आणि चांगला पळत येतो, बरं का.

या लोहाराचं नाव सुभानबाबा. त्याच्या बायकोचं नाव भागाबाई. सुभानबाबा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि छोट्या हातोड्याने जागा दाखवायचा. समोर भागाबाई पदर खोचून मोठा घण मारायची. अख्खा जन्म दोघांनी असं काम केलं. गावातला फाळ घ्या, विळा घ्या, सगळं त्यांच्या ऐरणीवरचं. मग दोघं म्हातारी झाली. एक दिवस भागाबाई म्हणाली, "अहो, आता हा घण काही माझ्याच्यानं उचलवत नाही." घणच नाही तर लोहारकाम कसलं? भाता बंद झाला. सुभानबाबा ओट्यावर जाऊन बसला.

हात बसले, पण तोंड बसेना. रस्त्याने जो जाईल त्याला तो हाक मारायचा. "अरे, ये इकडे. तुला आमच्या कामातल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, काळं दिसतं म्हणून लोखंड गार आहे असं समजू नये. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. भाजतं ते काळंच. आधी वरून हात फिरवावा, धग बघावी, मग शिवावं. दुसरी गोष्ट, घण चालू असताना तोंडाने बोलायचं नाही, लोखंडाने बोलायचं. छोटा हातोडा एकदा वाजला, टिण, की तिथे घाव. आणि तिसरी गोष्ट..."

पण तिसरीपर्यंत कुणी थांबतच नसे. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाची म्हैस सुटायची. ज्याच्याकडे म्हैस नाही त्याचीसुद्धा सुटायची. मग बाबा उरलेली तिसरी गोष्ट घेऊन घरात यायचा. भागाबाई म्हणायची, "मला नका सांगू. जन्मभर ऐकलीय."

एकदा काय झालं, शेजारणीचं खुरपं मोडलं. बाबाने हौसेने भाता चालवला, लोखंड तापवलं, बाहेर काढलं. पण घण मारणार कोण? लोखंड तसंच ठेवलं बाजूला. ते हळूहळू काळं पडलं. तेवढ्यात दारात कोण आला? राक्षस! ताडाएवढा उंच, सुपाएवढे कान. नाव ढमक्या.

"म्हाताऱ्या, मी तुला खाणार!"

"खा बाबा," सुभानबाबा म्हणाला, "पण तिथे बसू नकोस."

"तू मला सांगतोस? मी कुठेही बसेन."

"अरे, ते लोखंड..."

"काळं तर आहे!" असं म्हणून ढमक्या बसला.

चर्रर्र! ढमक्या असा उडाला, की छपराची कौलं त्याच्या शिंगांत अडकली. भागाबाई ओरडली, "मेल्या, कुंडीत बस, कुंडीत!" लोखंड विझवायची पाण्याची दगडी कुंडी होती, तीत तो धपकन बसला. घरभर वाफच वाफ.

"तेच सांगत होतो रे," बाबा म्हणाला.

ढमक्या वाफेतून बाबाकडे बघत राहिला. आजवर तो ज्याला खायला गेला, तो किंचाळत पळाला होता. हा म्हातारा मात्र खायला आलेल्यालाच सांगत होता, जपून बस म्हणून. ढमक्या हळूच म्हणाला, "अजून सांग की."

अजून सांग! असं सुभानबाबाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. भागाबाई म्हणाली, "काय हो, रडताय?" तो म्हणाला, "छे, धूर आहे."

मग ढमक्या तिथेच राहिला. घण आता त्याच्या हातात. बाबाने वाजवलं, टिण! ढमक्याने मारला, ढम्म! पण आनंदाच्या भरात बाबा नेमकी तिसरी गोष्ट सांगायची विसरला. ढमक्या थांबेचना. ढम्म, ढम्म, ढम्म! खुरप्याची झाली पोळी, पोळीचा झाला पापड, पापडाची झाली चादर. शेवटी भागाबाईने हातोडा हिसकावला आणि ऐरणीवर दोनदा वाजवला. टिण टिण!

"दोनदा वाजलं की पुरे. थांबायचं. ही तिसरी गोष्ट. कळलं का?"

"कळलं, माई," ढमक्या म्हणाला आणि त्याने घण खाली ठेवला. शेजारणीने ती चादर नेली आणि गोठ्यावर घातली. अजून गळत नाही म्हणतात.

तेव्हापासून ऐरण पुन्हा बोलू लागली. दिवसभर ढमक्या घण मारायचा, संध्याकाळी बाबाच्या पायाशी बसून त्याच तीन गोष्टी पुन्हा ऐकायचा. म्हातारा-म्हातारीला मूलबाळ नव्हतं. आता घरात माई म्हणणारं कुणी होतं.

मग आला राजा. या राजाला लागली होती साडेसाती, म्हणून तो बोटात घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी घालायचा. आणि त्याला एक खोड होती, बरं का. बोलणं संपलं, की हाताशी येईल त्यावर अंगठी आपटायची. टिण! झालं, हुकूम पक्का.

तो घोड्यावरून आला. दोन्ही हातांत लगाम होता, म्हणून त्या दिवशी काही आपटलं नाही. म्हणाला, "गडाचा दरवाजा ठोकायचा आहे. हा राक्षस मी नेणार."

ढमक्या बाबाच्या मागे लपला. म्हणजे त्याचा एक गुडघा लपला. भागाबाईने पदर डोळ्यांना लावला. पण राजाला नाही कसं म्हणायचं? बाबा म्हणाला, "न्या महाराज. पण आधी तीन गोष्टी ऐका." राजाने जांभई देत पहिली ऐकली. दुसरी ऐकताना घोडा वळवला. "आणि तिसरी..." "पुरे रे बाबा, दोन पुष्कळ झाल्या!" आणि राजा निघाला. मागून ढमक्या गेला, पुन्हा पुन्हा वळून बघत.

दरबारात राजा मोठ्या ऐटीत सिंहासनावर बसला. म्हणाला, "बघा, हा माझा राक्षस!" आणि सिंहासनावर अंगठी आपटली. टिण!

ढम्म! राजाने वेळेवर उडी मारली म्हणून बरं. सिंहासनाचा झाला पाट. ढमक्या थांबेना. पाटाचा झाला पोळपाट.

राजा पळाला स्वयंपाकघरात. शिऱ्याचं भलंमोठं पातेलं होतं. घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, "आधी काही खायला द्या!" आणि पातेल्यावर टिण!

ढम्म! पातेल्याचं झालं ताट, आणि शिरा भिंतीवर. प्रधानाच्या मिशांतसुद्धा बेदाणे.

मग राजा शस्त्रागारात शिरला. त्याने सगळ्यांत जाड लोखंडी शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा करकचून आवळला आणि म्हणाला, "आता बघू कोण माझं काय करतो!" आणि त्यावर अंगठी आपटली. टिण!

अरे देवा. आता घाव कुठे?

राजा पट्टा ओढतो, पट्टा सुटेना. ढमक्या घण घेऊन समोर. राजा जो पळाला! ढमक्या मागे धावत ओरडतोय, "महाराज, जरा उभे राहा ना! नेम चुकतोय! मला मारायचं नाहीये हो, पण सुरू केलेलं काम टाकायचं नाही, बाबांनी शिकवलंय!" राजा पळता पळता ओरडला, "तोफ आणा! याला तोफेच्या तोंडी द्या!" शिपाई तोफ ओढत मागे धावले. पुढे राजा, मध्ये राक्षस, मागे तोफ. अशी वरात थेट सुभानबाबाच्या दारात.

बाबा भात्याजवळ उदास बसला होता. कुणाची तरी कुदळ तापवून बाहेर काढली होती, पण घणाला हात नव्हते. भागाबाई चुलीपुढे भाकरी भाजत होती.

"बाबा!" राजा ओरडला. "तिसरी गोष्ट सांग! लवकर!"

बाबाचा चेहरा उजळला. राजा विचारतोय! त्याने घसा खाकरला. "बसा महाराज. तर पहिली गोष्ट अशी..."

"पहिली माहीत आहे! तिसरी! तिसरी!"

"तिसरी अशी एकदम नाही कळायची, महाराज. ती दुसरीवर उभी आहे. आता दुसरी अशी..."

घण वर गेला. दारात तोफेला बत्ती लागणार होती. राजाने डोळे मिटले.

आणि भागाबाईने उलथणं उचललं आणि तव्यावर वाजवलं.

टिण टिण!

घण हवेतच थांबला. ढमक्याने तो हळूच खाली ठेवला, घाम पुसला आणि म्हणाला, "माई, भाकरी झाली का?"

पळून पळून राजा पार दमला होता. त्याला बसायला जागा हवी होती. शेजारीच काळी कुदळ पडली होती.

"महाराज, नको!" बाबा, भागाबाई आणि ढमक्या एकदम ओरडले.

चर्रर्र!

ढमक्यानेच राजाला उचलून कुंडीत बसवलं. घरभर वाफच वाफ. "पहिल्या दिवशी फार चुरचुरतं, महाराज," तो राजाला फुंकर घालत म्हणाला. "माई लोणी देईल. मलाही दिलं होतं."

वाफेतून शिपायाने विचारलं, "सरकार, तोफ उडवू?"

राजाने वर बघितलं. एवढा मोठा राक्षस गाल फुगवून त्याला फुंकर घालत होता. राजाला हसू आलं. आधी थोडं, मग इतकं की कुंडीतलं पाणी सांडलं. म्हणाला, "कुणावर उडवतोस? माझ्या घणवाल्यावर? जा, परत ने ती." आणि सवयीने अंगठी कुंडीवर आपटायला गेला. भागाबाईने झटकन त्याचा हात धरला. अंगठी तिने काढून घेतली, दोऱ्यात ओवली आणि राजाच्या गळ्यात, आतल्या बाजूला बांधली. साडेसातीलाही बरं, सगळ्यांच्या डोक्यांनाही बरं.

राजाला घोड्यावर बसता येईना, म्हणून त्याचा मुक्काम तिथेच पडला. पालथा झोपून त्याने तिन्ही गोष्टी अगदी पहिल्यापासून ऐकल्या. मग गडाचा दरवाजाच गाड्यावर घालून सुभानबाबाच्या दारी आणला. बाबाने टिण केलं, ढमक्याने ढम्म केलं, भागाबाईने टिण टिण केलं, आणि दरवाजा झाला झकास. ढमक्या पुन्हा कुठे गेला नाही. आणि राजा? तो गादीवर बसतानासुद्धा आधी वरून हात फिरवून बघायचा.

आता हा माझा अडकित्ता बघा. आणि ही तुमच्या खाटेची लोखंडी दांडी. टिण टिण.

म्हणजे काय? मिटा बरं डोळे.