शेवटच्या कुस्तीला हलगी गप्प असते

सोनाळवाडीच्या यात्रेला पहिल्यांदा आलेला पाहुणा शेवटच्या कुस्तीला हमखास बुचकळ्यात पडतो. दुपारपासून हलगी कडाडत असते. लहानांच्या कुस्त्या होतात, मोठ्यांच्या होतात, ती थांबत नाही. मग मानाची शेवटची जोड आखाड्याच्या मातीत, हौद्यात उतरते आणि हलगीवाला टिपऱ्या कमरेला खोचून हलगी मांडीवर पालथी घालतो. हजारो माणसं बसलेली असतात, पण मल्लांचा श्वास ऐकू यावा इतकं सगळं शांत होतं. पाहुणे हळूच विचारतात, "काही बिनसलं का?" तेव्हा त्यांना सतबा वस्तादांची गोष्ट सांगावी लागते.

कुस्तीला फार मोठे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. यात्रेच्या आदल्या दिवशीच बैलगाड्या येऊन सुटायच्या. ट्रकच्या टपावर बसून लोक यायचे, जागा नाही मिळाली तर चिंचेवर चढायचे. एका वर्षी फांदी मोडून चौघे खाली आले, तर त्यातल्या एकाने पडल्या पडल्या विचारलं म्हणे, "चीत कोण झालं?" घरच्या पोराला दूध कमी पडलं तरी चालेल, पण तालमीतल्या पहिलवानाचा तांब्या रोज जायचाच.

त्या तालमीचे वस्ताद सतबा. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. तालमीच्या कोपऱ्यात घोंगडं टाकून ते राहायचे आणि कानांनी शिकवायचे. मातीवर पाय कसा घासला, यावरून कुणाचा पवित्रा चुकला ते त्यांना कळायचं. हिंदुराव हा त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. एकदा तो म्हणाला, "वस्ताद, शंभर जोर झाले."

"साठ झाले," वस्ताद म्हणाले. "उरलेले चाळीस काय तुझा आज्जा येऊन मारणार हाय?"

पण सलग चार वर्षं मानाची कुस्ती बाहेरचा मल्ल जिंकून नेत होता. गावाला ते लागलं. पाटलांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "औंदा आपला गडी पडला तर तालमीला कुलूप. तिथं गावाचं धान्य ठेवू." पाटील शब्दाचे पक्के. तालीम गेली तर सतबांचं छप्परही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. सतबा मात्र रोजच्यासारखे जोर मोजत राहिले.

त्या वर्षी हिंदुरावसमोर सीमेपलीकडचा कानडी मल्ल मलगोंडा होता. दोघे हौद्यात उतरले, अंगाला माती लावली, शड्डू घुमले. हौद्याच्या कडेला बसलेल्या सतबांनी हलगीवाल्या तायाप्पाला हाक मारली. "तायाप्पा, एवढी एक कुस्ती हलगी थांबीव. माझं पोरगं लढतंय, मला ऐकू दे."

"थांबीवली तर गाव मला बडवंल, वस्ताद."

"बडवू दे. तू तेवढा आवाज करू नगंस."

तायाप्पाने हलगी पालथी घातली. लोकांना आधी काही कळेना, मग कळलं तसे एकेक करून सगळे गप्प झाले. असं सांगतात की अर्धा तास त्या मैदानात फक्त पायांचा आणि श्वासांचा आवाज होता. सूर्य कलला तेव्हा हिंदुरावने ढाक टाकली, त्याचा हुकमी डाव. मलगोंडाने ती उलटवली आणि दोघे एकमेकांत गुंतून हौद्याच्या कडेशी कोसळले. मातीचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा हिंदुराव वर होता.

गाव उठून नाचायला लागलं. पण एक पंच म्हणाला, "आधी हिंदुरावची पाठ लागली." दुसरा म्हणाला, "खांदाच लागला, पाठ न्हाई." पलीकडची माणसं पुढे सरसावली, इकडच्यांनी काठ्या उचलल्या. तेव्हा मलगोंडाच म्हणाला, "वस्ताद सांगतील ते मला मान्य."

गावाला हायसं वाटलं. आपलाच वस्ताद, आपलाच पठ्ठा, आणि वर तालीम पणाला लागलेली.

सतबा काठी टेकत उभे राहिले. "मी आंधळा माणूस," ते म्हणाले, "मी काय निकाल देणार? ज्याची पाठ त्यालाच ठावं. हिंदू, तूच सांग."

हिंदुरावने वस्तादांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे तो कोपरा आणि ते घोंगडं आलं असणार. गर्दीतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "न्हाई म्हण, हिंदू." सतबा मान तिरपी करून वाट पाहत होते.

"टेकली, वस्ताद," हिंदुराव म्हणाला. "दोन्ही खांदे टेकले."

सतबांनी चाचपडत त्याचा हात धरला. "मला ठावं हुतं. पाठ टेकली की तुझ्या छातीतनं हुंकार निघतो, तालमीत रोज ऐकलाय. फक्त तुझ्या तोंडून यायला पायजे हुतं."

पाटलांचा चेहरा उतरला. दिलेला शब्द मोडायचा कसा? त्यांनी कुलूप आणायला माणूस धाडला. मैदानातून कुणी हललं नाही. मानाचा फेटा आता मलगोंडाच्या डोक्यावर बांधला होता. तो उतरवून त्याने सतबांच्या पायाशी ठेवला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "वस्ताद, मी जितलो खरं, पण असं बोलायला मला कुणी शिकवलं नाही. मला तुमच्या तालमीत ठेवून घ्या."

पाटलांनी वाकून तो फेटा उचलला. मग म्हणाले, "तालमीला कुलूप लावतो म्हणालो हुतो, ते पडणाऱ्यांच्या. हितं तर जितणारा शिकाय आलाय. आता कसं लावू?"

मलगोंडा चार वर्षं राहिला. हिंदुराव आणि तो एकाच ताटात जेवायचे म्हणे, आणि सतबा दोघांचे जोर मोजायचे.

आजही शेवटच्या कुस्तीचा निकाल सोनाळवाडीत पंच देत नाहीत. धूळ बसते, हलगी गप्प असते, आणि सारं मैदान दोन्ही मल्लांकडे बघत थांबतं. ज्याची पाठ लागली तो उठतो, पाठीची माती झटकत नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "टेकली." मग गाव आधी त्याला खांद्यावर घेतं.