आतून लावलेली कडी

"भुतांना शिकवायची काही सोय आहे का तुमच्या केंद्रात, आपा? नसेल तर मला मोकळं करा."

असं म्हणून प्राध्यापक दिगंबर हुपरीकरांनी टेबलावर कागद आपटला. ऑनलाइन वर्गातून मला कायमचे मुक्त करावे, नाहीतर नोकरीतूनच करावे, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही झोकदार. रागातसुद्धा सही बिघडू द्यायचे नाहीत हुपरीकर.

इतिहासाचे वाघच ते. वर्गात लढाई सांगायला लागले की शेजारी गणिताला बसलेली पोरं वह्या मिटून भिंतीला कान लावायची. गणिताच्या सरांनी हे कधी कबूल केलं नाही. हुपरीकरांनी मात्र गावभर सांगितलं.

आता वाघाला संगणकापुढं बसवलेलं. डरकाळी फोडायची कुणावर?

नसीम आपा मुजावर ऑनलाइन अध्यापन केंद्राच्या प्रमुख. केंद्र ग्रंथालयामागच्या जुन्या शेडमध्ये. आपा आणि त्यांची माणसं कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचे वर्ग सांभाळत गप्प बसलेली, म्हणून सगळं विद्यापीठ त्या शेडला मठ म्हणायचं. मठात चहा फक्कड मिळायचा, त्यामुळं भक्तांची ददात नव्हती.

आपांनी कागदाकडं पाहिलंही नाही. हेडफोन एका कानावरून मागं सरकवला.

"भुतं बोलतात का हो, सर?"

"बोलतील कशाला? नुसते काळे चौकोन! रोज तास सुरू करताना विचारतो, आवाज येतोय का? एक मायचा पूत हूं म्हणत नाही."

"काहीच नाही?"

"मधूनच अंगठे उडतात पडद्यावर. बदाम उडतात. ती त्या कंपनीची जाहिरात असणार."

मागं बसलेल्या दोघांना एकदम खोकला आला. आपांनी वळून पाहिलं, तसा तो थांबलाही.

"आमचं एक माणूस तुमच्या वर्गात मदतीला ठेवू म्हटलं होतं..."

"मी काय आजचा मास्तर आहे, आपा? शिकवताना मला राखणदार लागत नाही."

"बरं."

आपांनी आपल्या संगणकाचा कळफलक त्यांच्याकडं सरकवला.

"तुमचा वर्ग उघडा."

हुपरीकरांनी उघडला.

"आता त्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसा. पोरं येतात त्या लिंकवरून आत या."

"विद्यार्थी म्हणून? मी?"

"तुम्हीच."

हुपरीकर गेले. खुर्ची अशी ओढली, की फरशीला कळावं कोण बसतंय. हेडफोन चढवले. पडद्यावर स्वतःच्याच वर्गात स्वतःचाच एक काळा चौकोन उमटला.

"बोला," आपा आपल्या टेबलावरून म्हणाल्या आणि हेडफोन परत दोन्ही कानांवर घेतले.

"आवाज येतोय का?"

आपा छताकडं बघत राहिल्या.

"आपा, आवाज येतोय का?"

छतावर पाल होती. आपा पालीकडं बघत होत्या.

"अहो आपाऽऽ!"

ग्रंथालयातून कुणीतरी शूऽऽ केलं. पण आपांच्या हेडफोनात काही पोचेना. हुपरीकरांनी माईकचं बटण दाबलं. लाल रेघ हटेना. पुन्हा दाबलं. मग लिहून कळवावं म्हणून चॅट शोधलं. तेही बंद. घाम आला बिचाऱ्यांना.

शेवटी हेडफोन काढून ते आपांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र चांगलंय."

"मग मला बोलू कोण देत नाहीये?"

आपांनी आपला पडदा त्यांच्याकडं वळवला.

तिथं हुपरीकरांचंच नाव होतं. खाली त्यांच्याच हातानं केलेली खूण. बाकी सर्वांचे माईक बंद. चॅट बंद.

...

जूनमधला पहिला तास आठवला. ऐन लढाईत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली होती, आणि चॅटमध्ये कुणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं होतं. हुपरीकरांनी संतापून सगळ्यांची तोंडं बंद केली आणि लढाई पुढं नेली.

कडी आतून घातली, आणि विसरून गेले.

"आता दिवाळी आली, आपा..." ते हळूच म्हणाले.

आपांनी ती खूण काढली. चॅटही उघडलं.

"तीनचा तास आहे ना तुमचा? इथूनच घ्या."

तीन वाजता काळे चौकोन भरले. वाघ घाबरलेला कुणी पाहिला नसेल, तर तो त्या दिवशी मठात होता.

"आवाज... येतोय का?"

"येतोय सर!"

"येतोय येतोय!"

"सर, पहिल्या दिवसापासनं येतोय! रोज अंगठा दाखवत होतो की!"

मागं शेळी ओरडली, कुठं लेकरू रडलं, कुठं एसटी हॉर्न देत गेली. सगळे एकदम बोलत होते.

"मग कुणी मला सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला वाटलं, आम्ही बोललेलं सरांना आवडत नाही."

एक बाई म्हणाल्या, "सर, मी स्वयंपाक करता करता ऐकते. तुमच्या तासाला आमच्याकडं टीव्ही बंद असतो. मामंजी पण येऊन बसतात ओट्यापाशी. ते विचारत होते, त्या किल्लेदाराचं पुढं काय झालं?"

हुपरीकर खुर्चीत पुढं सरकले. किल्लेदार दरवाज्याशी आला, तलवार उपसली, आणि...

कुकरची शिट्टी झाली.

सगळा वर्ग चिडीचूप. हुपरीकरांचा हात आपसूक त्या खुणेकडं गेला.

थांबला.

"किती शिट्ट्या काढता, ताई?"

"तीन, सर. सॉरी सर, मी बंद करते..."

"राहू द्या. डाळ कच्ची राहील."

किल्लेदार तलवार उपसून उभा. उरलेल्या शिट्ट्या होईस्तोवर सगळा वर्ग हसत राहिला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा हुपरीकर.

तास संपला तरी कुणी जाईना. "थँक्यू सर, थँक्यू सर" नुसतं चाललेलं. अंगठे उडत होते, बदाम उडत होते. हुपरीकर त्या जाहिरातीकडं बघत बसले.

मग उठून आपांपुढं आले. टेबलावर तो झोकदार सहीचा कागद होता. त्यावर आपांनी चहाचा ग्लास ठेवला होता.

"आपा, मला म्हणायचंय..."

ज्यांच्या आवाजानं गणित बंद पडायचं, त्यांचा घसा बसला.

"म्हणजे मी... तुमचे..."

चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

आपांनी हेडफोन उतरवून बाजूला ठेवले.

"येतोय, सर. आवाज येतोय."