द्रुपदीआजीला दिलेली ओ

जगात कुठंही जा, जिथं भूत आहे तिथली माणसं त्याच्या गोष्टी मोठ्या तोऱ्यात सांगतात. किल्ल्यावरचे लोक किल्ल्यावरच्या राणीचं भूत मिरवतात, घाटातले घाटातलं. पण तळकोकणात सुरंगपाट नावाचं खाडीकाठचं एक गाव आहे. तिथल्या माणसाला खाडीपल्याडच्या भुताबद्दल विचाराल, तर तो खाली मान घालतो आणि मग हळूहळू सांगायला लागतो. तर ऐका.

फार फार वर्षांमागं, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, सुरंगपाटात बाबल नावाचा तारी होता. तारी म्हणजे लोकांना होडीतून अल्याडपल्याड नेणारा. माणूस मनानं वाईट नव्हता हो, पण आळशी! दिवस कलला की त्याला दारापुढच्या खळ्यात पाय पसरून बसावं, गरम कालवणभात ओरपावा आणि गप्पा हाणाव्यात असं वाटायचं. आणि नेमकी त्याच वेळी पल्याडच्या कांदळवनातून कुणीतरी हाक मारायचं, "बाबल रेऽऽ, होडी हाड रेऽऽ!" की झालं, ताटावरून उठा, होडी पल्याड आणा.

एकदा असाच तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी विचारलं, तर त्यानं ठोकून दिलं. म्हणाला, "माणूस नव्हता तो. हडळ होती. ओ दिली असती तर मेलो असतो!"

झालं! बाबलनं बोटभर सांगितलं, गावानं हातभर केलं. कुणी म्हणालं तिचे पाय उलटे, कुणी म्हणालं तिचे केस पाण्यापर्यंत. महिन्याभरात सगळं गाव तिन्हीसांजेला पल्याडची हाक आली की दारं लावून घ्यायला लागलं. बाबल सुखानं जेवायला लागला. असं म्हणतात, की त्या काळात तो चांगला सुटला होता.

त्याच गावात द्रुपदी नावाची सुईण होती. एकटी, म्हातारी, कंबरेत वाकलेली, जिभेनं तिखट. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. बाबलसुद्धा. "रडत नव्हतंस मेल्या, तेव्हापासून आळशी!" असं ती त्याला चारचौघांत ऐकवायची आणि तो हसायचा.

बाबलची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. बाळंतपणाला मी येईनच, असा शब्द द्रुपदीआजीनं तिला दिला होता. एका पहाटे द्रुपदीआजी खाडीवर आली. पल्याड कुणीतरी अडलं होतं. बाबलनंच तिला होडीतून सोडलं. उतरताना ती म्हणाली, "सांजेक हाक मारतंय, ओ दी हां. तुझ्या चेडवाचा, मंजुळाचा काय खरा नाय." बाबल म्हणाला, "देतंय गे आजी." ती गेली, हे गावात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

आणि नेमके त्याच दिवशी मंजुळाचे सासरे आले. व्याही घरी आलेला, खळ्यात शेजारीपाजारी जमलेले. मग काय, बाबलला चेव आला! हडळीची गोष्ट त्यानं अशी रंगवली, अशी रंगवली, की व्याह्यांच्या हातातला पानाचा विडा हातातच राहिला. आणि तेवढ्यात पल्याडून हाक आली.

"बाबल रेऽऽ, होडी हाड रेऽऽ!"

सगळे गारठले. बाबलनं आवाज ओळखला. तो अर्धा उठला. व्याह्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "बसा वो, बसा! जाव नकात!"

कुणीतरी कुजबुजलं, "थेट द्रुपदीआजीसारखो आवाज काढल्यान गो!"

आता सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं, की ही आजीच आहे, हडळबिडळ काही नाही, मी थापा मारत होतो. पण व्याह्यासमोर? सगळ्या शेजाऱ्यांसमोर? आणि मग बाबलच्याच तोंडून शब्द निघाले, "तिची रीतच ती. माणसाचो आवाज काढता."

असं म्हणतात, की या शब्दांची चव पुढं जन्मभर त्याच्या तोंडातून गेली नाही.

तो बसला. मनात म्हणाला, मंडळी आत जेवायला गेली की हळूच जाऊन आणू. पुन्हा हाक आली. पुन्हा आली. घराघरांतून कड्या लागल्याचे आवाज आले. मग हाक यायची थांबली, आणि बाबलला, देवा शप्पथ, बरं वाटलं!

थोड्याच वेळात आतून मंजुळा किंचाळली. कळा सुरू झाल्या होत्या. मग मात्र बाबल ना व्याह्याला विचारत बसला, ना कंदील शोधत. धावत सुटला आणि होडी पाण्यात लोटली. "ओ! ओ गे आजी! इलंय गे!" असं ओरडत त्यानं खाडी ओलांडली. पल्याड कुणी नव्हतं. चांदण्यात दिसलं, कांदळाच्या फांदीला आजीच्या वहाणा अडकवलेल्या होत्या आणि ओल्या चिखलात पावलं होती, पाण्याकडं जाणारी. मंजुळाला दिलेल्या शब्दासाठी म्हातारी भरतीच्या पाण्यात चालत उतरली होती.

अर्धी रात्र पाण्यात शोधून बाबल रडत परत आला, तर घरात बाळ रडत होतं. मुलगी झाली होती. त्याची बायको म्हणाली, "आजीक आधी सोडलंस आणि तू खंय रवलंस? बिचारी नखशिखांत भिजलेली! सगळा निस्तरल्यान, बाळ माझ्या हातात दिल्यान आणि मागल्या दारान गेली. जाताना एकच विचारल्यान."

"काय?"

"बाबलान ओ कशाक दिल्यान नाय?"

सकाळी ओहोटीला द्रुपदीआजी कांदळाच्या मुळांत सापडली. जाणत्यांनी पाहिलं आणि सांगितलं, जीव जाऊन बराच वेळ झाला आहे, बाळ जन्मायच्या कितीतरी आधी. असं म्हणतात. खरंखोटं खाडीला ठाऊक.

बाळाच्या बारशाला सगळं गाव जमलं. पाळण्याची दोरी हातात घ्यायच्या आधी बाबल उभा राहिला आणि म्हणाला, "हडळ नव्हती. कधीच नव्हती. सांजचा उठाक माझ्या जिवार येय, म्हणान मीच ती रचलंय. त्या दिवशी माका म्हायत होता, आजी आसा म्हणान." त्याला वाटलं, आता लोक तुटून पडतील. पण कुणी हात उचलला नाही. आवाज तर सगळ्यांनीच ओळखला होता. कडी तर सगळ्यांनीच लावली होती. कोण कुणाला बोलणार? मुलीचं नाव द्रुपदी ठेवलं.

त्या सांजेपासून बाबल रोज रिकामी होडी घेऊन पल्याड जायचा, ओ द्यायचा, थोडा थांबायचा आणि परत यायचा. पाऊस असो, ताप असो. त्याच्या पश्चात ती होडी नातीनं, द्रुपदीनं, चालवली. तिच्यानंतर गावानं घरटी पाळी लावली. आता पूल झालाय, होडी कुजून गेली. तरी तिन्हीसांजेला पाळीच्या घरचं माणूस काठावर येतं, तोंडाशी हात धरतं आणि पल्याडच्या कांदळवनाला ओरडून तिथंच थांबायला सांगतं, "ओऽऽ! येतंय गे आजी, रव थंयच!" आणि त्या गावात कुणीही, कधीही, कसलीही हाक मारा, भिकाऱ्यानं मारा नाहीतर वेड्यानं मारा, पहिल्या हाकेला दार उघडतं.

हल्ली भुताच्या जागा बघत हिंडणारी शहरातली पोरं कॅमेरे घेऊन तिथं येतात. मागं अशाच एकानं पाळीवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, आजीची हाक अजून ऐकू येते का हो?"

म्हातारा म्हणाला, "नाय रे बाबा. त्या दिसापासून एकदाव येवक नाय. इली असती तर बरा झाला असता."

आणि तोंडाशी हात धरून त्यानं ओ दिली.