मठ्ठ्याच्या दोन बादल्या

“...पण शेवटच्या चार मिनिटांतच का, माई?”

मुक्ताचा आवाज जरा चढलाच. लागोपाठ तीन सामन्यांत तिचा बास्केटबॉल संघ पुढे होता आणि तिन्ही वेळा शेवटच्या चार मिनिटांत एकही बास्केट न झाल्याने हरला होता. आता रविवारी हरलं, की स्पर्धेतून बाहेर. देशमाने सरांनी बजावलं होतं, उत्तर शोधा, नाहीतर ती चार मिनिटं तुम्ही दोघी बाकावर.

दोघी म्हणजे मुक्ता आणि निलोफर. संघाचे निम्म्याहून जास्त गुण या दोघींचे.

सरांनी पाचही जणींना जीपमध्ये घालून नदीकाठच्या मठात आणलं होतं. मठाच्या माई ऐंशीच्या पुढच्या. बास्केटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या तांदूळ निवडत होत्या.

“तेव्हा चेंडू कुणाकडे असतो?”

“माझ्याकडे.”

“माझ्याकडेही,” निलोफर म्हणाली.

“माझ्याकडून हिसकावलास तर.”

“तू देतेस कुठे?”

“आणि बाकीच्या तिघी?” माईंनी विचारलं.

मुक्ताने आठवून पाहिलं.

“त्या... असतात.”

माईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

“आज उत्सवाची पंगत आहे. दोघी वाढायला लागा.”

“माई, आम्ही उत्तर विचारायला आलोय.”

“पदर खोचता येतो?”

“ट्रॅकपँट आहे.”

“मग नाडी घट्ट बांधा.”

दुपारी पंगत बसली. भात, वरण, भाजी, दोघींनी झरझर वाढलं. आचारी खूश झाला. “यांना इथेच ठेवून घ्या,” म्हणाला.

शेवटी राहिला मठ्ठा. दोघींच्या हातांत एकेक बादली, एकेक ओगराळं.

पंगतीच्या तोंडाशी देशमाने सर बसले होते. सरांना दिसायला हवं, असं मुक्ताला वाटलं. ती थेट त्यांच्याकडे गेली. समोरून निलोफर आलीच.

“सर, मठ्ठा.”

“सर, माझा घ्या. घट्ट आहे.”

“एकाच पातेल्यातला आहे तो,” सर म्हणाले.

द्रोण भरला. सरांनी त्यावर हात आडवा धरला. दोन्ही ओगराळी त्या हातावर रिती झाली. मठ्ठा घड्याळाच्या पट्ट्याखालून कोपराकडे निघाला.

“पुरे,” सर हळूच म्हणाले. “पुरे गं.”

तेवढ्यात पंगतीच्या पार टोकाकडून हाक आली.

“मुक्ते, हात वाळले आमचे.”

मुक्ता बादली घेऊन धावली. टोकाला माई बसल्या होत्या. शेजारी ओळीने ज्योत्स्ना, रुबिना, पमी. संघातल्या बाकीच्या तिघी. द्रोण कोरडे, बोटांवर शितं वाळून कडक झालेली.

“तुम्ही इथे कधी बसलात?”

“भात तूच वाढलास की,” पमी म्हणाली.

मुक्ताने बादलीत पाहिलं. मठ्ठा जवळजवळ काठापर्यंत होता...

ती माईंपाशी उकिडवी बसली. ओगराळं भरून त्यांच्या द्रोणावर धरलं आणि आवाज उतरवून विचारलं,

“माई, रविवारी मी काय करू?”

माईंनी आपला वाळका हात द्रोणावर आडवा ठेवला.

“आधी या पोरींचे हात ओले कर.”