रातव्याचं तिसरं अंडं

“पण तिला इथून कळलं कसं, बाई?”

शर्वाणीने कानातले हेडफोन काढून हातात धरले. ती अजून तंबूतच होती. नुकते कुठे बूट चढवून एकदा पाय दाबून पाहिला, तसा तळ करकरला होता; नाडीसुद्धा बांधून झाली नव्हती. आणि तिकडे हाकेच्या अंतरावर, कातळाच्या खळग्यात बसलेल्या रातव्याच्या मादीचे ठोके एकदम मंदावले होते.

रातवा म्हणजे वाळक्या पाचोळ्यासारखा दिसणारा, उघड्या जमिनीवरच अंडी घालणारा पक्षी. या मादीच्या दोन अंड्यांशेजारी शर्वाणीने तिसरं, आत माइक बसवलेलं खोटं अंडं ठेवलं होतं. पोटाखालच्या त्या अंड्यातून तिच्या काळजाचे ठोके तंबूपर्यंत ऐकू यायचे.

शेजवलकरबाई स्टोव्हपाशी चहाच्या उकळीकडे बघत होत्या. पक्ष्यांची काळजं ऐकण्यातच त्यांचा जन्म गेला होता. प्रबंधावर त्यांची सही झाली की शर्वाणी सुटणार होती; आणि तिच्या निष्कर्षाच्या आधारावर या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या या उघड्या पठारावरून, पर्यटकांसाठी पायवाट निघणार होती.

“तू काय लिहिलंयस? परत सांग,” बाई म्हणाल्या.

“मी जवळ गेले की तिचे ठोके संथ होतात. ती उडत नाही, हलत नाही, डोळेसुद्धा मिटून घेते. म्हणजे शांत असते, बाई. माणसाशी रुळलीय ती.”

“माणसाशी?”

“माझ्याशी तरी.”

“अस्सं.” बाई हसल्या. “भाग्यवान आहेस. माझ्याशी तर घरचं मांजरही रुळलं नाही.”

शर्वाणीला हसू आलं नाही. “सही कराल ना?”

बाईंनी चहा गाळला.

“आणखी एक खोटं अंडं आहे ना तुझ्याकडे? ते घे, पोटाशी धर. बूट काढून ठेव इथेच. आणि त्या करवंदीच्या जाळीपाशी जाऊन बस.”

“आत्ता? अंधारून येतंय, बाई.”

“म्हणूनच.”

“किती वेळ?”

“मी हाक मारेपर्यंत. हलायचं मात्र नाही हं. खाली अंडी आहेत असं समज.”

ती जाऊन बसली. दिवसभर तापलेला कातळ अजून कोमट होता. पश्चिमेकडचा उजेड हळूहळू मावळला. तंबूतला दिवाही दिसेना... बाईंनी मालवला असावा. कुठेतरी टिटवी ओरडली आणि मध्येच गप्प झाली.

मग वाळकं गवत वाजलं.

कर्र... कर्र...

बाई नव्हेत. बाई काठी टेकत चालतात, आणि काठीचा आवाज तर नव्हता.

थांबलं.

कर्र... कर्र...

सरळ तिच्या दिशेने येत नव्हतं ते. तिच्याभोवती फिरत होतं, प्रत्येक फेरा जरासा आत घेत. आणि आवाज तिच्या ओळखीचा होता. उजव्या बुटाचा सैल झालेला तळ असाच करकरतो.

तिच्याच बुटाचा.

बूट तर तंबूत होते... मग आता कुणाच्या पायात होते?

“बाई...?”

गवत पुन्हा वाजलं.

“बाई, तुम्हीच आहात ना? थट्टा नको हं अशी...”

कर्र.

उठून पळावं असं मनात आलं, पाय उचलेनात. डोळे आपोआप मिटले. आता छाती धडधडायला हवी होती, परीक्षेला साधं नाव पुकारलं तरी धडधडायची तिची. पण आत काहीच धावत नव्हतं. कुणी पावलं चोरत चालावं तसा ठोका पडत होता... मग बराच वेळ नाही... मग आणखी एक.

बूट तिच्या पाठीशी येऊन थांबले. कुणीतरी वाकलं. मानेला श्वास लागला.

“बाई...” या खेपेला नुसते ओठच हलले.

आणि अगदी कानाशी, मायेने, बाईंचा आवाज आला.

“ठोके किती संथ ऐकू येतायत गं तुझे, शर्वाणी... रुळलीस ना माझ्याशी?”