चुंचुलीचं आंब्याचं धोंडस

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंचुली.

चुंचुली एवढीशी. पण नाक केवढं? लांबच लांब! इंदूमामीच्या परसात तिचं बीळ.

चुंचुली चालायची कशी? तुरुतुरु तुरुतुरु.
चुंचुली बोलायची कशी? चुंय चुंय, चुंय चुंय.

उन्हाळा आला. आंबे पिकले. परसात वास सुटला, घमघम घमघम.

सकाळी सकाळी खार आली. तिने मामीला एक आंबा दिला. मामीने काय केलं? आंब्याच्या फोडी केल्या. फोडींवर गूळ घातला. गुळावर भाजलेला रवा घातला. पातेलं ठेवलं चुलीवर. खाली निखारे. झाकणावरही निखारे! आणि झालं धोंडस. तळाला गोड गोड, वरून खरपूस.

खारीने परसाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर बसून धोंडस खाल्लं. मट मट मट!

चुंचुलीने खालून पाहिलं. तिच्या पोटात कसंतरीच झालं. गरम गरम. टोच टोच.

"हिला झुपकेदार शेपूट. हिलाच धोंडस. तिला आहे, मला नाही! चुंय!"

पोटात असं टोचतं ना, त्याला म्हणतात हेवा.

मग चुंचुली आंबा शोधायला निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. नाक लावलं इकडे. नाक लावलं तिकडे. गवतात सापडला एक आंबा! पिवळा पिवळा, गोल गोल. चुंचुलीने तो ढकलला. गडगड गडगड.

इतक्यात आला कावळा. काव! त्याने आंबा उचलला आणि उडाला. भुर्रर्र!

गेला आंबा. चुंचुली रडली. चुंय चुंय, चुंय चुंय.

रडत रडत ती गेली मामीकडे.

"मामी मामी, धोंडस भाज."

मामी म्हणाली, "काय गो चुंचुली! रवा भाजलाय, गूळ किसलाय. पण आंब्याशिवाय धोंडस कसलं? आंबा आण, मग भाजते. पण लवकर ये हो. निखारे विझले, तर आज काही परत चूल पेटायची नाही!"

तुरुतुरु तुरुतुरु. चुंचुली गेली आंब्याच्या झाडाकडे.

"झाडोबा झाडोबा, आंबा दे.
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

झाड म्हणालं, "मी नाही देणार जा! कोकीळ रोज फणसावर बसतो. फणसावरच गातो. त्याला आहे, मला नाही! कोकीळ माझ्यावर गाईल, तर आंबा देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंचुली गेली कोकिळाकडे.

"कोकीळदादा कोकीळदादा, आंब्यावर गा.
झाड आंबा देईना,
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

कोकीळ म्हणाला, "मी नाही गाणार जा! घसा सुकला माझा, खर्र खर्र. विहीर माडाला पाणी देते. केळीला पाणी देते. त्यांना आहे, मला नाही! विहीर मला पाणी देईल, तर गाईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंचुली गेली विहिरीकडे.

"विहीरबाई विहीरबाई, पाणी दे.
कोकीळ काही गाईना,
झाड आंबा देईना,
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

विहीर आतून बोलली. घुम घुम घुम.

"मी नाही देणार जा! म्हैस रोज नदीवर जाते. नदीचंच पाणी पिते. माझं पाणी काय कडू आहे? तिला आहे, मला नाही! म्हैस माझ्याकडे येईल, तर पाणी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंचुली गेली म्हशीकडे.

म्हैस बसली होती चिखलात. डोळे मिटून, रवंथ करत. चबक चबक.

"म्हशीबाई म्हशीबाई, विहिरीवर चल.
विहीर पाणी देईना,
कोकीळ काही गाईना,
झाड आंबा देईना,
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

म्हशीने एक डोळा उघडला.

"मी नाही येणार जा! काल गाईला सजवलं. तिच्या शिंगांना फुलं लावली. आणि माझी शिंगं बघ. नुसता चिखल! तिला आहे, मला नाही! चाफा मला फुलं देईल, तर येईन."

आणि म्हशीने डोळा मिटला. चबक चबक.

तुरुतुरु तुरुतुरु. चुंचुली गेली चाफ्याकडे. पाय दुखले. ऊन लागलं. पण थांबली नाही.

"चाफेदादा चाफेदादा, फुलं दे.
म्हैस जागची हलेना,
विहीर पाणी देईना,
कोकीळ काही गाईना,
झाड आंबा देईना,
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

चाफा म्हणाला, "मी नाही देणार जा! खार पेरूवर झुलते. खार चिकूवर झुलते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्यांना आहे, मला नाही! खार माझ्या फांदीवर झुलेल, तर फुलं देईन."

चुंचुलीने नाक मुरडलं.

खार? तीच ती खार? झुपकेदार शेपटीची? धोंडस खाणारी?

चुंचुलीच्या पोटात पुन्हा टोचलं. टोच टोच.

"मी नाही जाणार तिच्याकडे! चुंय!"

पण मामीची चूल आठवली. निखारे विझले तर? मग ती गेली. पण तुरुतुरु नाही हं. हळू हळू. पाय ओढत ओढत.

खार बसली होती गडग्यावर. एकटीच.

"खारूताई खारूताई, चाफ्यावर झूल."

हे चुंचुली इतकं हळू म्हणाली, इतकं हळू, की खारीला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

मग चुंचुली मोठ्याने म्हणाली,

"खारूताई खारूताई, चाफ्यावर झूल!
चाफा फुलं देईना,
म्हैस जागची हलेना,
विहीर पाणी देईना,
कोकीळ काही गाईना,
झाड आंबा देईना,
मामी धोंडस भाजेना,
माझं पोट भरेना!"

खार म्हणाली, "मी नाही झुलणार जा!"

"का गं?"

"तू रोज चालतेस. तुझ्या मागे तुझा भाऊ चालतो, तुझी शेपूट तोंडात धरून. त्याच्या मागे तुझी बहीण, त्याची शेपूट धरून. तिच्या मागे धाकटा, तिची शेपूट धरून. झुकझुक झुकझुक, तुमची केवढी गाडी! मी रोज इथून बघते. माझ्या पुढे कुणी नाही. माझ्या मागे कुणी नाही. तुला आहे, मला नाही!"

चुंचुलीने डोळे मोठे केले.

"तुला माझा हेवा वाटतो? माझा?"

"हो," खार म्हणाली. "माझ्या पोटात टोचतं. मला तुमच्या गाडीत घेशील? तर झुलेन."

चुंचुलीने विचार केला. हिला शेपूट. हिला धोंडस. आणि आता आमची गाडीपण हिला?

"नाही घेणार जा!" चुंचुली म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

एक पाऊल गेली. दोन पावलं गेली. तीन पावलं गेली.

मागून आवाज आला. मुसू मुसू. मुसू मुसू.

चुंचुलीने वळून पाहिलं. खार रडत होती. आपल्याच झुपकेदार शेपटीने डोळे पुसत होती.

पोटात टोचलं की कसं वाटतं, ते चुंचुलीला ठाऊक होतं. अगदी चांगलं ठाऊक होतं.

ती तीन पावलं मागे आली.

"ये. धर माझी शेपूट. पण जोरात चावायचं नाही हं!"

खार टुण्णकन खाली आली. तिने चुंचुलीची बारकीशी शेपूट धरली. हळूच, ओठांनी.

निघाली गाडी! पुढे चुंचुली, मागे खार. झुकझुक झुकझुक, थेट चाफ्यापाशी.

खार चढली सरसर सरसर. फांदीवर झुलली. हिंदोळ हिंदोळ!

खार झुलली, चाफा हसला. फुलं पडली टप टप टप.

फुलं नेली म्हशीकडे. खारीने ती शिंगांना लावली. एक या शिंगाला, एक त्या शिंगाला. म्हैस उठली. चिखल म्हणाला पच्चक! म्हैस डुलत डुलत विहिरीवर आली. चिखलाच्या पाण्यात तिने शिंगं बघितली होती ना, म्हणून मान अगदी ताठ!

"विहीरबाई," म्हैस म्हणाली, "तुझं पाणी पाज बरं मला."

विहीर खूश झाली. रहाट फिरला कर्र कर्र कर्र. बादली आली वर. म्हैस प्यायली घटाघटा. कोकीळ उडत आला आणि प्यायला चोच चोच.

"अरे वा! गोड आहे," म्हैस म्हणाली.

"घसा ओला झाला," कोकीळ म्हणाला. तो उडाला आणि आंब्यावर बसला. कुहू! कुहू! कुहू!

आंब्याच्या पानापानाला गुदगुल्या झाल्या. झाड हललं सळसळ सळसळ. आणि पडला एक आंबा. धप्प!

केवढा आंबा! चुंचुलीहून मोठा!

"ढकल गं खारे!"
"ढकलते गं चुंचुले!"

गडगड गडगड. गडगड गडगड. आंबा आला मामीच्या दारात.

"मामी मामी, निखारे विझले का गं?"

मामीने फुंकणी घेतली. फूऽऽ फूऽऽ. राखेखाली एक निखारा लाल झाला. मग दुसरा. मग सगळे.

"नशीब हो तुझं," मामी म्हणाली. "अजून जागे आहेत!"

आंब्याच्या फोडी केल्या. फोडींवर गूळ घातला. गुळावर भाजलेला रवा घातला. खाली निखारे. झाकणावरही निखारे!

मग वाट बघितली. चुंचुलीने बघितली, खारीने बघितली. भाऊ आला, बहीण आली, धाकटा आला. सगळ्यांनी वाट बघितली. वास आला घमघम घमघम. धाकटा म्हणाला, "झालं?" मामी म्हणाली, "नाही." धाकटा म्हणाला, "आता झालं?" मामी म्हणाली, "नाही रे बाबा!"

मग मामीने झाकण काढलं. वाफ आली भस्स!

"हे घे गो चुंचुली. पहिला तुकडा तुझा. आंबा तू आणलास."

पहिला तुकडा! चुंचुलीचा! केळीच्या पानावर, गरम गरम. मामीने खारीलाही दिला. भावाला दिला, बहिणीला दिला, धाकट्याला दिला.

चुंचुलीने तोंड उघडलं. आणि थांबली. तिने हळूच खारीच्या पानाकडे पाहिलं. खारीचा तुकडा मोठा तर नाही ना?

खारसुद्धा हळूच चुंचुलीच्या पानाकडेच पाहत होती!

दोघींनी एकमेकींना पाहिलं. आणि दोघी खी खी खी खी हसल्या. हसून हसून चुंचुलीच्या लांब नाकाला गूळ लागला.

मग खाल्लं धोंडस. मट मट मट!

खार झुलली,
चाफ्याने फुलं दिली,
म्हैस हलली,
विहिरीने पाणी दिलं,
कोकीळ गायला,
झाडाने आंबा दिला,
मामीने धोंडस भाजलं,
चुंचुलीचं पोट भरलं!

धोंडस संपलं, गोष्ट संपली. बोटं चाटा आणि हात धुवा!