हिमताडाची शेवटची बी

फार फार पूर्वी, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही ज्याची नुसती गोष्टच ऐकली असेल अशा काळी, बर्फाच्या डोंगरावर एक गाव होतं. गावापुढे खोल दरी आणि दरीवर झुलता दोरपूल. धान्य त्या पुलावरून यायचं, मुली त्या पुलावरून सासरी जायच्या. पुलाचे दोर वळत ते हिमताडाच्या खोडावरच्या केसाळ सालीचे. थंडीने बाकीची झाडं माना टाकत, हा ताड मात्र हिरवागार उभा असे.

एका हिवाळ्यात कडा कोसळला आणि ताडांची अख्खी राई दरीत गडप झाली. हाती लागल्या त्या ओंजळभर बिया. जाणते म्हणाले, "नवं झाड मोठं होईस्तोवर जुने दोर जेमतेम तग धरतील. बी रुजायला हवी ती याच वर्षी." बाहेर बर्फ होता, म्हणून घरोघरी चुलीशेजारी मडकी मांडून ओल्या वाळूत बिया पेरल्या. चुली विझू नयेत म्हणून गावाने सामाईक साठ्यातलं जळण वाटून दिलं.

सगळ्यांत जास्त धास्ती घेतली होती ती दोर वळणाऱ्याच्या बायकोने. तिची लेक दरीपलीकडे दिलेली, आणि त्या लेकीला दिवस गेलेले. पूल तुटला तर लेक नि नातवंड तिला नुसती लांबून दिसणार होती.

आठवडे गेले. वाळू जशीच्या तशी. लोकांचा धीर सुटला. घराघरात वाळू उकरली गेली आणि "मेलीय ही!" म्हणत बिया नीट न बघताच उकिरड्यावर भिरकावल्या गेल्या. इतरांना 'दम धरा' म्हणणारे तर सगळ्यांच्या आधी उकरत होते!

दोरवाल्याच्या मडक्यात दोन बिया होत्या. "अगं, एकदा बघून तरी घे," तो म्हणाला. तिलाही राहवेना. तिने वाळू बाजूला सारली, एक बी उचलली आणि कट्‌कन काहीतरी तुटलं. बीला पांढराशुभ्र कोंब फुटला होता. पण तो वर न येता आधी खाली गेला होता, पार मडक्याच्या तळापर्यंत. तिने दुसऱ्या बीला हात न लावता वाळू सारखी केली आणि तुटका कोंब पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी पाटील चार माणसं घेऊन दारात उभे राहिले.

"जळण संपत आलंय, बाई. म्हातारीकोतारी गारठतायत. बी जिवंत असेल तर दाखव, नाहीतर लाकूड बंद."

पाटलांचंही काही चुकत नव्हतं. एकाने मडक्याकडे हात नेला. तिने ते झटकन पोटाशी धरलं.

"हात लावू नका!" तुटलेला कोंब तिने पुढे केला. "हा जिवंत होता. मी बघायला गेले नि माझ्याच हाताने मारला. दुसरी दाखवली तर तीही मरेल. लाकूड न्या, पाटीलबाबा. बी मिळायची नाही."

लाकूड गेलं. चूल विझली. ती घोंगडीत मडकं कुशीला घेऊन बसली आणि नवरा तिच्या पाठीला पाठ लावून. आपण नुसती वाळू तर जपत नाही ना, ही भीती तिला सोडेना. हात वाळूपर्यंत जाई आणि मागे येई.

पागोळ्या गळू लागल्या, त्या सकाळी वाळूतून एक हिरवं पातं वर आलं होतं. तिला रडूच कोसळलं. पाटील स्वतः लाकडाची मोळी खांद्यावर घेऊन आले.

बर्फ वितळला तसा उकिरडाही उघडा पडला. तिथे गावाच्या बिया पडल्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीला एक तुटका, वाळलेला कोंब होता. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

पुढे ताड वाढला, नवा पूल झाला. एका झाडाच्या दोरांचा तो, अरुंदच. एका वेळी एकच माणूस जाई, बाकीचे काठावर ताटकळत. त्यावरून सगळ्यांत आधी धावत आली ती दोरवालीची नात.

तात्पर्य: जे रुजतंय, ते जिवंत आहे का हे उकरून पाहू नये.